बिबड्यांची राखण

बाळांनो, सगळे जरा टेकून बसा आणि डोळे मिटा. मिटले? कोणीतरी एक डोळा किलकिला ठेवला आहे, तोही मिटा.

आता असं समजा, की तुम्ही एका धाब्यावर बसला आहात. धाबं म्हणजे घराचं मातीचं सपाट छप्पर. आमच्या खानदेशात जुन्या घरांना तसंच असायचं. वैशाखातली भर दुपार आहे. माती इतकी तापली आहे, की टेकलेला पाय लगेच उचलावा लागतो. समोर जुनी लुगडी अंथरली आहेत आणि त्यांवर ओळीने बिबडे वाळत घातले आहेत. ज्वारी भिजवायची, भरडायची, तीळ-लसूण घालून तिचा घाटा शिजवायचा आणि तो गरम घाटा ओल्या हाताने थापून पापडासारखा उन्हात वाळवायचा, तो बिबडा. तुमचं काम फक्त राखण करायचं. कावळा बसू द्यायचा नाही, शेळी वर येऊ द्यायची नाही. हाताशी पुस्तक नाही, खेळ नाही, खाली गल्लीत चिटपाखरू नाही.

एवढ्यात चुळबूळ सुरू झाली? मग कुंदाचं काय झालं असेल, विचार करा. उघडा डोळे. पुढे ते लागणार आहेत.

कुंदाचं गाव शिरपूरच्या पलीकडे, सातपुडा निळा दिसू लागतो त्या वाटेवर. साल होतं शहाऐंशी. कुंदा दहा वर्षांची. झाडावर चढायला सगळ्यांच्या पुढे, पण डोक्याला कामाला लावायचं म्हटलं की तिच्या अगदी जिवावर यायचं. मास्तरांनी "सतरा आणि आठ किती?" विचारलं, की ती शेजारणीच्या पाटीकडे बघायची. आईने विचारलं, "कुंदे, दुधाचं भांडं कुठे ठेवलंस?" की उत्तर यायचं, "काय माहीत." वडिलांनी विचारलं, "बैल आज वैरणीला तोंड का लावत नाही गं?" तरी तेच, "काय माहीत." दोन पावलं चालून बैलाच्या तोंडात डोकावलं असतं तर कळलं असतं, पण तेवढे कष्ट कोण घेणार? आणि करायला काही नसलं, की दिवसातून वीस वेळा आईच्या मागे लागायची, "कंटाळा आला. मी काय करू? तूच सांग ना."

तिचा धाकटा भाऊ वना चार वर्षांचा होता, आणि त्याची तऱ्हा नेमकी उलटी. तो उठल्यापासून झोपेपर्यंत विचारतच असायचा. "ताई, कावळ्याच्या पायाला चटका बसत नाही का?" "ताई, सावली घासली तर निघेल?" "ताई, विहीर रात्री झाकत का नाहीत?"

"गप बस," कुंदा म्हणायची.

त्या दिवशी पहाटेपासून धाब्यावर तीन बायका बिबडे थापत होत्या. कुंदाची आई प्रमिलाबाई, शेजारच्या झुंबर अक्का आणि चुलती भागा काकू. आमच्याकडे बिबडे एकटीने कोणी करत नाही. आज तुझ्या घरचे, उद्या माझ्या घरचे, असं चालतं. ऊन डोक्यावर येईतो चार लुगडी भरून गेली. मग तिघी हात धुऊन उठल्या.

झुंबर अक्का शिडीवरून उतरता उतरता म्हणाल्या, "देख पोरी, आम्ही जेवाले जातस. बठ्ठा बिबडासवर ध्यान ठेव. आनि वनाले देखजो." बठ्ठा म्हणजे सगळे.

"हाव, अक्का."

"कुंदी राखन करी?" भागा काकू खालून हसल्या. "कावळाच तिले उठाडी देई!"

तिघी घरात गेल्या. दार लोटल्याचा आवाज आला आणि सगळं गाव एकदम गप्प झालं.

कुंदा कठड्याच्या हातभर सावलीत पाय पोटाशी घेऊन बसली. थोडा वेळ तिने कावळा येतो का बघितलं. कावळा आला नाही. मग तिने जांभई दिली. वना लुगड्यांच्या कडेकडेने फिरत होता.

"ताई, बिबडे ओले असतात तेव्हा काळपट का दिसतात?"

"काय माहीत."

"ताई, ते वाळल्यावर कडेने वर का येतात?"

"काय माहीत रे. गप बस."

तिचे डोळे जड झाले. ऊन एका जागी उभं राहिल्यासारखं झालं. आणि तेव्हा, शिडी जराही न करकरता, एक बाई धाब्यावर आली.

तिच्या डोक्यावर मोठी टोपली होती, झाकलेली. लुगडं धुळीच्या रंगाचं. कुंदाने तिच्या तोंडाकडे बघितलं, पण एक विचित्र गोष्ट झाली. बघता बघताच तिला ते तोंड विसरायला झालं. नाक कसं होतं? डोळे कसे? पुन्हा बघितलं, पुन्हा विसरली. आपण असतो तर उठून उभे राहिलो असतो. कुंदाला उठायचा कंटाळा आला.

"काय देणार, पोरी?" बाईने विचारलं. तिची बोली कोणत्याच गावची नव्हती.

"माझ्याकडे काही नाही."

"असं कसं? ज्याचा कंटाळा आला असेल ते द्यायचं. मी तेवढंच घेते."

वना कुंदाच्या फ्रॉकला धरून मागे उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "ताई, या बाईला सावली का नाही?"

कुंदाने खाली बघायला हवं होतं. मान जराशी वळवायची, एवढंच काम. पण ती म्हणाली, "काय माहीत."

"फार विचारतो हा," बाई म्हणाली.

"फार."

"डोकं उठत असेल."

"हो ना."

"मग देतेस?"

आता हे ऐकून कोणालाही वाटलं असतं, की थांबावं आणि ही काय बोलते आहे ते नीट समजून घ्यावं. कुंदाने डोळेसुद्धा पुरते उघडले नाहीत. "घे ना," ती म्हणाली.

फ्रॉकला धरलेली मूठ सुटली.

पुढचा प्रश्न आला नाही. कुंदाने थोडा वेळ वाट पाहिली. मग तिच्या लक्षात आलं, की आपण वाट बघतो आहोत. ती वळली. मागे कठडा होता, तापलेली माती होती, आणि वना नव्हता.

"वना?"

तिने शिडीखाली बघितलं. गल्ली रिकामी. धाब्याच्या चारी कोपऱ्यांत बघितलं. लपायला तिथे एक मडकंच होतं, हात ओले करायच्या पाण्याचं. "आई!" तिने जोराने हाक मारली. पण हाक धाब्याच्या कडेपर्यंत गेली आणि तिथेच विरली. पलीकडच्या निंबावरचं एक पान हललं नाही.

"माझा भाऊ कुठे आहे?"

"तुझा नाही, आता तो माझा," बाई म्हणाली. "तूच दिलास."

"मी... मी उगीच म्हटलं! परत दे!"

बाईने टोपली खाली ठेवली. आत काहीतरी वाळलेलं एकमेकांवर आपटलं, करकर, करकर.

"मी त्याला अजून उचललेला नाही," बाई म्हणाली. "तो इथेच आहे, या बिबड्यांतला एक. ऊन चांगलं आहे. वाळून कडक झाला, की टोपलीत टाकीन. त्याआधी ओळखलास तर तुझा. पण हात एकालाच लावायचा. चुकलीस, तर झालं."

कुंदाने लुगड्यांकडे बघितलं. ओळीच्या ओळी बिबडे, शंभरावर असतील. सगळे सारखे गोल, सारखे करडे.

आणि मग तिला आवाज आला, अगदी बारीक, कुठून येतो ते कळू नये असा, जणू सगळ्याच बिबड्यांतून येत होता. "ताई, इथे फार ऊन लागतंय. ताई, मला हलता का येत नाही?"

कुंदाने घाईघाईने समोरचा पहिलाच बिबडा धरायला हात पुढे केला. हाच असेल. असेलच. बोटं वीतभर अंतरावर असताना तिने बाईकडे बघितलं. बाईचं तोंड दिसत नव्हतं, पण तिचा हात टोपलीच्या झाकणावर गेला होता. तयारीत.

चटका बसल्यासारखा कुंदाने हात मागे घेतला.

"मला नाही कळत," ती रडत म्हणाली. "तूच सांग ना."

बाई हसली. वाळलेल्या पानांवरून कोणी चालावं, तसं हसू होतं ते. "या टोपलीतल्या सगळ्यांच्या बहिणी, भाऊ, मैत्रिणी हेच म्हणाल्या. बस तू. पड जरा सावलीत. शोधायचं म्हणजे एकेक बघावं लागेल, डोकं शिणेल. डोळे मीट, पोरी. तू उठशील तोवर सगळं आटोपलेलं असेल."

आणि खरंच, कुंदाच्या डोळ्यांवर अशी झापड आली, की कोणी ओलं पोतं डोक्यावर ठेवलं आहे असं वाटावं. कठड्याची सावली गार दिसू लागली. पाय आपोआप तिकडे वळले. एक पाऊल, दुसरं पाऊल.

"ताई," आवाज आला. आता तो आणखी बारीक झाला होता. "माझ्या कडा का ओढल्या जातायत?"

कुंदाने लुगड्याकडे बघितलं. सगळ्यात आधी घातलेल्या ओळीतल्या बिबड्यांच्या कडा लुगड्यापासून सुटून किंचित वर आल्या होत्या. वाळायला लागले होते.

ती धावत मडक्याशी गेली, ओंजळभर पाणी तोंडावर मारलं आणि पहिल्या लुगड्यापाशी गुडघे टेकून बसली. गुडघे भाजले. तिने ते हलवले नाहीत.

सारखेच आहेत, सगळे सारखेच, तिच्या मनात आलं. पण पळून जायला जागा नव्हती, म्हणून तिने एकाच बिबड्याकडे बघितलं. फक्त एकाकडे, आणि बघत राहिली. तिला आठवत नव्हतं, की याआधी कुठल्याही गोष्टीकडे तिने इतका वेळ बघितलं होतं.

त्या बिबड्यावर एक रेघ होती.

मधोमध नाही, जरा कडेला. सरळ, बोटभर लांब. शेजारच्यावर? त्याच्यावरही होती. त्याच्या पलीकडच्यावरही. चौथ्यावर नव्हती.

रेघ कशाने पडते? तिने स्वतःला विचारलं. कोणीही उत्तर देणार नव्हतं, ते तिलाच द्यायचं होतं. घाटा थापताना बोटं वाकतात, फिरतात. एखादं बोट वाकलंच नाही, तर ते ओढत जाईल. आणि झुंबर अक्कांचं एक बोट वाकत नव्हतं! ज्वारी कापताना विळा लागला होता, तेव्हापासून. कुंदाने ते बोट हजार वेळा बघितलं होतं, पण कधी मनात घेतलं नव्हतं.

"हे अक्कांचे," ती पुटपुटली. तिने धाब्यावरचे मातीचे खडे गोळा केले आणि रेघ असलेल्या प्रत्येक बिबड्याशेजारी, बिबड्याला अजिबात न लागता, एकेक खडा ठेवत गेली. एकदा बोट इतकं जवळ गेलं, की तिने ते झटकन मागे ओढलं.

बाई दोन पावलं जवळ आली. तिची सावली पडली नाही. "किती गं मरमर," ती गोडीने म्हणाली. "अजून किती बाकी आहेत बघ."

कुंदाने मान वर केली नाही. बाकीच्यांत काही जाड होते, काठाला ओबडधोबड, आणि मधे तळहाताच्या बुडाने दाबल्याचा खळगा. हे घाईचं काम. घाई कोणाला असते? भागा काकूंना. त्या जेवतातसुद्धा उभ्या उभ्या. तिने खड्यांऐवजी काडीचे तुकडे ठेवले. उरले ते पातळ, बोटांच्या टोकांनी गोलगोल नेलेले, गोगलगाईच्या पाठीसारखी वळणं असलेले. हे आईचे. आई भाकरीही तशीच थापते, बोटांच्या टोकांनी. यांच्याजवळ काही ठेवायची गरज नव्हती, वळणच खूण होतं.

दुसरं लुगडं झालं. तिसरं झालं. घामाने डोळे चुरचुरत होते. मधेच एका ओळीत तिचं लक्ष सुटलं. आपण हा बघितला की नुसती नजर फिरवली, ते तिला आठवेना. पूर्वीची कुंदा असती तर म्हणाली असती, चालतंय. ती ओळीच्या सुरुवातीला परत गेली आणि पुन्हा पहिल्यापासून बघत आली.

"ताई..."

पुढे प्रश्न नव्हता. नुसतं "ताई". वनाला विचारायलाही जोर उरला नव्हता.

चौथ्या लुगड्याच्या शेवटच्या ओळीत दोन बिबडे उरले, शेजारी शेजारी. दोन्हींवर ना रेघ होती, ना खळगा, ना वळण.

पहिला लहान होता, वेडावाकडा. त्यावर इवल्याशा पंजाचा ठसा स्पष्ट उमटला होता, पाचही बोटं पसरलेला. वनाचाच पंजा! कुंदाला आनंदाने उडीच मारावीशी वाटली. हाच! दुसरं कोण असणार?

दुसरा बिबडा अगदी गुळगुळीत होता, ताटासारखा. त्याच्यावर काहीच नव्हतं.

दोघांच्याही कडा वर यायला लागल्या होत्या.

"बघ, सापडला की," बाई एकदम कानाशी म्हणाली. "केवढी हुशार गं तू. लाव हात. लाव पटकन, वाळतोय तो."

कुंदाचा हात पंजाच्या ठशावर गेला, आणि तिथे, कागदाएवढ्या अंतरावर, थांबला. ही मला मदत का करते आहे?

हा असा प्रश्न वनाने विचारला असता. आज तो कुंदाच्या डोक्यात आला आणि तिने त्याला गप बस म्हटलं नाही.

पंजाचा ठसा कशाने पडतो? हात लावल्याने. म्हणजे हा बिबडा वनाने थापला आहे. जो बिबडा वनाने थापला, तो वना कसा असेल? पण वनाने कधी थापला? तिने सकाळ आठवायचा प्रयत्न केला. ती इथेच, या कठड्याशी बसून नखं कुरतडत होती. काहीच दिसलं नव्हतं. मग ऐकलं काय होतं? तिने डोळे घट्ट मिटले आणि आठवलं, डोकं दुखेस्तोवर आठवलं. चुलीवरच्या घाट्याची रटरट. अक्कांचा खोकला. मग वनाची कुरकुर, "मी पण, मी पण", आणि आई हसून म्हणाली होती, "घे बाबा, एक तुझा." एक तुझा!

तर लहान बिबडा आईच्या घाट्याचा होता. आणि गुळगुळीत बिबडा? तो कोणत्याच हाताने थापलेला नव्हता. या धाब्यावर आज तीन बायकांचे हात होते आणि एक वनाचा. जे हाताने केलेलं नाही, ते...

तिने बाईच्या हातांकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. तळव्यांवर एकही रेषा नव्हती.

"लाव ना हात!" बाई ओरडली.

कुंदाने डोळे उघडे ठेवून गुळगुळीत बिबड्यावर पंजा टेकला.

तो गरम होता, आणि आत काहीतरी धडधडत होतं. धाब्यावर एकदम वारा फिरला, लुगड्यांची टोकं फडफडली, आणि तिच्या हाताखाली बिबडा राहिला नाही. तिथे एक छोटी तापलेली पाठ होती. वना लुगड्यावर पालथा पडला होता, गालावर लुगड्याच्या विणीचा छाप. तिने त्याला उचलून छातीशी धरलं. त्याचे ओठ कोरडे पडले होते. तिने मडक्यातलं पाणी ओंजळीने त्याला पाजलं. पहिली ओंजळ सांडली, दुसरी त्याने प्यायली.

"ताई," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "तू रडतेस का?"

"तू सापडत नव्हतास म्हणून," कुंदा म्हणाली. हे तिने त्याला दिलेलं पहिलं खरं उत्तर होतं.

बाईने टोपली उचलली आणि शिडीकडे वळली. आता जाऊ दे तिला, कुंदाच्या मनात आलं. जाऊ दे, लवकर जाऊ दे. वना आपल्याकडे आहे.

टोपलीतून आवाज आला, करकर, करकर. आणि त्या करकरीत एक वेगळा आवाज. मऊ, दमट, जरासा चपचप. टोपलीतलं काहीतरी अजून पुरतं वाळलेलं नव्हतं.

वनानेही तो ऐकला. "ताई, आत कोण आहे?"

बाईने शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

कुंदाने वनाला कठड्याच्या सावलीत बसवलं. टोपलीत जे ओलं आहे ते वाळू नये, म्हणून दोन्ही हात मडक्यात बुडवून ओले केले. मग ती धावत गेली, टोपलीच्या काठाला दोन्ही हातांनी धरलं आणि म्हणाली, "खाली ठेव. मला बघायचंय."